अकरा हजार किलोमीटर की अठ्ठावन्न हजार?

प्रश्न : मी धरमपेठेत राहतो. पन्नाशीच्या आत एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे. उघडणाऱ्या कापडी छताच्या पोर्शे बॉक्सटरच्या दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही २०१३ सालच्या, २.७ लिटर इंजिनाच्या आणि पीडीके, म्हणजे पोर्शेच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या. पहिली नागपुरातलीच, एकहाती, केवळ ११,००० किलोमीटर चाललेली आहे. मात्र तिची शेवटची सर्व्हिस २०१९ मध्ये झाली. दुसरी पुण्याची, दोन मालकांची, ५८,००० किलोमीटर चाललेली असून तिच्या दरवर्षीच्या सर्व्हिसची बिले उपलब्ध आहेत. पहिलीची किंमत आठ लाखांनी जास्त आहे. घरातले सर्व जण कमी चाललेलीच घ्या, असे म्हणतात. स्पोर्ट्स कारचे किती रनिंग योग्य मानावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण पुण्याची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र पुढे सांगितलेली तपासणी झाल्यावरच.

रोजच्या वापरातली गाडी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालते, हा हिशेब आपल्या सर्वांच्या डोक्यात पक्का असतो आणि तोच आपण स्पोर्ट्स कारलाही लावतो. स्पोर्ट्स कार ही बहुतेक घरांत दुसरी किंवा तिसरी गाडी असते. ती रविवारी सकाळी निघते, कधी लांबच्या प्रवासाला जाते. त्यामुळे वर्षाला चार ते सहा हजार किलोमीटर हे तिचे निरोगी प्रमाण मानावे, आणि पुण्याची गाडी नेमकी त्यात बसते. नागपूरची गाडी मात्र महिन्याला ऐंशी किलोमीटरही चाललेली नाही. याचा अर्थ ती जपली गेली असा नसून ती बहुतांश काळ उभी होती, एवढाच होतो.

उभी राहिलेली गाडी झिजत नाही, हा समज मोडून काढणे मला फार आवश्यक वाटते, कारण याच समजापायी माणसे लाखो रुपये जास्त मोजतात. सिव्हिल लाइन्सपासून सीताबर्डीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापतच नाही. थंड इंजिनात तयार झालेला ओलावा आणि न जळलेले पेट्रोल त्या तेलात उतरते आणि तसेच साचून राहते. म्हणूनच गाडी वर्षभरात पाचशे किलोमीटर चालली तरी तेल वर्षातून एकदा बदलावे लागते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते. स्पार्क प्लगलाही किलोमीटरइतकीच वर्षांची मर्यादा आहे. २०१९ नंतर यातले काहीच झाले नसेल, तर मीटरवरचा ११,००० हा आकडा आपल्याला काहीही सांगत नाही.

त्यातून ही गाडी नागपूरची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीतले रबराचे पाइप, दारांच्या पट्ट्या आणि सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश कडक होत जातात, आणि पुढे गाडी नियमित चालू लागली की एकेक करून तडकू लागतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसेल, परंतु टायरच्या कडेवर छापलेले चार अंक अवश्य वाचावेत : १४१३ असे असेल, तर तो टायर २०१३ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला आहे आणि तो त्या गाडीवर ठेवण्याच्या लायकीचा नाही. माझ्या पाहण्यातली अशीच एक कमी चाललेली गाडी दोन पावसाळे झाकून ठेवलेली होती. उंदरांनी तिचे वायरिंग कुरतडले होते आणि टाकीतल्या शिळ्या पेट्रोलमुळे इंजेक्टर बसले होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी ओढते, त्यामुळे ते महिनोन् महिने टाकीत ठेवणे आता अधिकच धोक्याचे झाले आहे.

पुण्याच्या गाडीची बिले तारखेनुसार लावून घ्यावीत आणि दोन सर्व्हिसमध्ये बारा महिन्यांपेक्षा फार मोठे अंतर कोठे पडले आहे, ते पाहावे. त्यानंतर मालकाच्या संमतीने गाडी मुंबईतल्या पोर्शेच्या अधिकृत केंद्रात तपासणीसाठी न्यावी. पुण्याहून ते अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्या प्रवासात इंजिन, गिअरबॉक्स आणि एसी पूर्ण तापल्यावर कसे वागतात, हेही आपोआप कळेल. पुढच्या बंपरमधील दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात, तेथे पाला साचून कुजतो आणि ते गंजतात. टॉर्च लावून आत पाहावे. कापडी छतामागचे पाणी वाहून जाण्याचे मार्ग तुंबलेले असल्यास पाणी आत झिरपते, म्हणून आसनांच्या मागचा गालिचा हाताने दाबून ओल तपासावी. पाण्याच्या पंपातून गळती आहे का, हे मेकॅनिकला मुद्दाम विचारावे.

कमाल मर्यादा म्हणून एकच आकडा सांगणे मला पटत नाही. सर्व बिले असलेली, मालकांनी लांबच्या प्रवासाला वापरलेली गाडी ९०,००० किलोमीटर चालली असली तरी मी तिचा विचार करीन. बिले नसलेली ३०,००० किलोमीटरची गाडी मात्र पाहायलाही जाणार नाही. आपल्या निवडीत वाचणाऱ्या आठ लाखांपैकी निदान तीन लाख टायर, ब्रेक, बुश आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिससाठी बाजूला ठेवावेत. दोन्ही गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२८ मध्ये संपेल, हेही किंमत ठरवताना लक्षात असू द्यावे. आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगता येईल : मीटरवरच्या ११,००० या आकड्यासाठी जास्त किंमत मोजून घेतलेल्या गाडीचा तो आकडा वाढेल या भीतीने माणूस ती बाहेरच काढत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या शहरातून सुरू होत असताना अशी गाडी झाकून ठेवणे मला खरोखर जिवावर येते.

प्रश्न : दिल्लीहून आलेल्या पोर्शे केमनच्या मीटरवर २४,००० किलोमीटर दिसतात. मीटर मागे फिरवलेले नाही, याची खात्री कशी करावी?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : पेडलचे रबर, स्टीअरिंगची झिजलेली चकाकी आणि चालकाच्या आसनाची दाराकडची कड पाहावी, परंतु या तिन्ही गोष्टी थोड्या पैशांत नव्या करता येतात. अधिकृत केंद्राकडे चेसिस क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळाल्यास त्या तारखांचे किलोमीटर जुळवून पाहावेत. सर्वांत उपयुक्त नोंद इंजिनाच्या संगणकात असते : पोर्शेच्या स्वतःच्या स्कॅनरवर इंजिन एकूण किती तास चालले, ते दिसते. किलोमीटरना त्या तासांनी भागावे. दिल्लीच्या गर्दीत ताशी सरासरी २५ किलोमीटर धरली, तर २४,००० किलोमीटरला सुमारे ९६० तास झाले पाहिजेत. स्कॅनरवर १,९०० तास दिसत असतील, तर ही सरासरी ताशी तेराच्याही खाली येते, आणि एवढ्या हळू कोणी केमन चालवत नाही. अशा वेळी विक्रेत्याकडून किमतीत सूट मागू नये. बयाणा दिला असेल तर तो परत मागावा.