सुरूर-वाई-महाबळेश्वर-पोलादपूर हा राज्यमार्ग कसा आहे, कधी झाला, आणि पावसाळ्यात कारने आंबेनळी घाट उतरावा का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नोव्हेंबर ते मे खुशाल जा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र प्रतापगडाच्या फाट्यापुढे गाडी घालू नका, रस्ता चालू असल्याचं कुणी सांगितलं तरी.

पुणे-सातारा महामार्ग सुरूरला सोडला की वाईपर्यंत दहाएक किलोमीटर सपाट रस्ता आहे. या पट्ट्यातले जुने वड म्हणजे या रस्त्याची खरी श्रीमंती. रुंदीकरण करताना आखणी झाडांना वळसा घालून करावी, असं माझं ठाम मत आहे. वाईनंतर पसरणी घाट. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घाट रुंद आहे, वळणं मोकळी आहेत, बारा-तेरा किलोमीटरमध्ये पाचगणी येते. तिथून महाबळेश्वर वीसेक किलोमीटर. या टप्प्यात अडचण गर्दीची: सुट्टीच्या दिवशी वेण्णा तलावापाशी गाड्या तुंबतात, त्यामुळे सकाळी लवकर पार व्हा. पाचगणी आणि महाबळेश्वरला नगरपालिकेचे प्रवासी कर नाके आहेत, पावती हाताशी ठेवा.

यापुढचा रस्ता अगदी वेगळ्या स्वभावाचा आहे. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर, पोलादपूर सह्याद्रीच्या पार पायथ्याशी, आणि मधलं अंतर जेमतेम ४० किलोमीटर. उतार दोन टप्प्यांत आहे. पहिला मेटतळ्यावरून कुंभरोशीपर्यंत, जिथे प्रतापगडाचा फाटा फुटतो. या फाट्याच्या अलीकडच्या बाजूला पडलेलं पाणी कोयनेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं, पलीकडचं सावित्रीतून अरबी समुद्रात. दुसरा टप्पा म्हणजे खरा आंबेनळी घाट.

इतिहास पाहिला तर कोकणातून वर येणारी वाट फार जुनी. ती पार गावावरून आणि रडतोंडीच्या घाटाने जायची. १६५९ मध्ये अफजलखानाची फौज याच बाजूने जावळीत उतरली. पारला कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आजही उभा आहे. प्रतापगडाला जाणार असाल तर तासभर काढून तो बघाच. १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांनी महाबळेश्वरची जागा इंग्रजांना दिली, बदल्यात खंडाळा गाव घेतलं, आणि गव्हर्नर माल्कमने तिथे थंड हवेचं ठाणं वसवलं. मुंबईचे लोक बोटीने सावित्रीच्या खाडीत दासगावपर्यंत येत आणि पुढे जमिनीवरून महाडमार्गे वर चढत. त्या काळी महाबळेश्वरचा मुंबईकडचा दरवाजा पश्चिमेला होता. गाड्या जातील असा रस्ता १८७० च्या दशकात झाला. १८६७ ते १८७२ या काळातले गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचं नाव त्या घाटाला दिलं गेलं. तोच आजचा आंबेनळी. पुढे पुण्याहून दक्षिणेला रेल्वे गेली, वाठार स्टेशनवर उतरून वाईमार्गे येणं सोयीचं झालं आणि वर्दळ पूर्वेकडे वळली. आंबेनळी मागे पडला.

पावसात तो का ढासळतो? डोंगरमाथ्यावर जांभा आहे, खाली काळा कातळ. सच्छिद्र जांभ्यात पाणी मुरतं, कातळावर अडतं आणि दोहोंच्या मधून आडवं बाहेर पडतं. त्या ओलीने वरचे धोंडे आणि लाल माती सुटते. त्यात घाटरस्ता डोंगर कापून काढलेला, म्हणजे वरून दरड येते आणि खालून भराव खचतो. मोरीचं तोंड पालापाचोळ्याने बुजलं की पाणी थेट डांबरावरून वाहतं आणि दरीकडची कड आधी जाते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत इथे रस्त्याचे तुकडेच्या तुकडे वाहून गेले होते. कडेला ताजी चीर किंवा वाकलेला कठडा दिसला तर तिथे गाडी थांबवू नका, डोंगराच्या बाजूने निघून जा. पण डोंगरातून गढूळ पाण्याची नवी धार लागलेली दिसली, बारीक खडे गळत असले, तर पुढे न जाता मागे फिरा.

कोरड्या दिवसांत उतरताना सूत्र एकच: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी दुसरा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. वास आला की मोकळ्या जागी थांबून अर्धा तास थंड होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. न्यूट्रलमध्ये उतरणं तर अजिबात नको. धुक्यात लो बीम लावा, हाय बीमचा प्रकाश उलटा डोळ्यांवर येतो. अरुंद वळणावर हॉर्न द्या, चढणाऱ्या एसटीला आधी वाट द्या. दाभिळ टोकाजवळ जास्त सावध राहा. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस तिथेच दरीत कोसळली आणि ३० जणांचा जीव गेला.

इंधन महाबळेश्वरलाच भरा. मोबाइलला रेंज मध्येमध्ये जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. पावसाळ्यात कोकणात जाणं टळत नसेल तर सातारा-उंब्रज-पाटण करून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरा, किंवा पुण्याहून ताम्हिणीने माणगावला. तेही घाटच आहेत, दरडी तिथेही येतात, म्हणून निघायच्या सकाळी रायगड किंवा रत्नागिरी जिल्हा प्रशासनाची सूचना पाहून मगच गाडी काढा.