डी५०० असताना फक्त सायलेंट शटरसाठी मिररलेस बॉडी जोडावी का?

तुम्ही विचारलंय की निकॉन डी५०० हा आरशाचा डीएसएलआर कॅमेरा आणि २००-५०० मिमीची लेन्स हाताशी आहे, ताडोबा आणि भिगवण दोन्हीकडे जाणं होतं, तर सायलेंट शटरसाठी, म्हणजे आवाज न करता फोटो घेता यावा म्हणून, जोडीला एक मिररलेस (आत हलणारा आरसा नसलेली) बॉडी घ्यावी का. आणि शेवटी लिहिलंय, "मित्र म्हणतो, शटरच्या आवाजाने प्राणी आपल्याकडे बघतो, उलट फोटो चांगला येतो."

या शेवटच्या वाक्यासाठीच उत्तर लिहायला बसलोय. हे वाक्य मी बरीच वर्षं ऐकतोय आणि दर वेळी तितकाच संताप होतो.

आधी ताडोबाचं उरकतो. त्यासाठी घेणार असाल तर नका घेऊ. मोहर्लीला वाघ रस्त्यावर आला की पुढे-मागे जिप्सींची रांग लागते, इंजिनं चालू-बंद होतात, गाइड ड्रायव्हरला "मागे घे, मागे घे" करत असतो. त्या गदारोळात तुमचं शटर वाघाच्या खिजगणतीतही नसतं. भिगवणला होडीतून रोहित टिपायचे असतील तरी तेच. या दोन्ही ठिकाणी डी५०० आजही उत्तम काम करतो.

लपणात (प्राणी-पक्ष्यांना न दिसता बसायच्या आडोशात) बसणार असाल तर मात्र घ्या, आणि त्यात चालढकल करू नका.

आमच्या ग्रुपमध्ये एक ज्येष्ठ फोटोग्राफर आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. एका एप्रिलमध्ये भिगवणच्या पुढच्या माळरानावर, पाणवठ्याजवळच्या लपणात आम्ही दोघं पहाटेपासून बसलो होतो. त्यांच्याकडे मोठी प्रो डीएसएलआर, माझ्याकडे मिररलेस. ऊन चढायला लागलं तशी वरून "कुट-रो, कुट-रो" अशी हाक आली आणि पखुर्ड्यांचा (माळरानावर राहणाऱ्या मातकट पक्ष्यांचा) थवा पाण्यापासून लांब, उघड्या मुरमावर उतरला. पखुर्डी सरळ पाण्यावर येत नाही. सगळ्या जणी जमिनीला चिकटून निश्चल बसल्या. त्या रंगात त्या दिसेनाशाच होतात. बऱ्याच वेळाने एक पुढे झाली, मग बाकीच्या तुरुतुरु काठावर आल्या आणि घाईघाईने घोट घ्यायला लागल्या.

एक नर मात्र पाणी पिऊन झाल्यावरही गेला नाही. तो पोटापर्यंत पाण्यात शिरला, पोटाची गर्द चॉकलेटी पिसं फुलवली आणि अंग वर-खाली हलवायला लागला. नराच्या पोटावरच्या पिसांची रचना अशी असते की त्यांत पाणी धरून राहतं. ते घेऊन तो उडत पिल्लांकडे जातो, पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोचीत धरतात आणि पाणी पितात. हे काम एका डुबकीत होत नाही, पिसं भिजायला कित्येक मिनिटं लागू शकतात.

मी फोटो घेत होतो आणि नर जागचा हलला नव्हता. तेवढ्यात सरांनी बर्स्ट सोडला. सेकंदाला दहा-बारा फ्रेम, बंद लपणात. पहिल्या दोन-तीन खटक्यांतच अख्खा थवा उडाला आणि त्याच्याबरोबर तो नरही. सर खूश! म्हणाले, "अरे, उडतानाचे शॉट मिळाले की!"

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर आमचं जुंपलं. त्यांचं म्हणणं, पिसांतून पाणी नेणं वगैरे पुस्तकी गप्पा, आणि पाखरं काय, उद्या परत येतात. मी सांगितलं, सर, पुस्तकी नाही. १८९६ साली मीड-वॉल्डो नावाच्या इंग्रज पक्षीपालकाने आपल्याकडच्या पाळीव पखुर्ड्यांमध्ये हे बघून लिहून ठेवलं, तेव्हाही लोकांनी विश्वास ठेवला नाही. पुढे १९६७ साली टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन यांनी कलहारीतल्या पखुर्ड्यांवर काम करून ते पक्कं केलं. आणि "उद्या परत येतात" म्हणाल, तर ही पखुर्डी बहुधा दिवसातून एकदाच, सकाळी पाण्यावर येते. एप्रिलच्या उन्हात पिल्लांना "उद्या" सांगणारे आपण कोण?

त्यांना ते पटलं नाही. तुमच्या मित्रालाही कदाचित पटणार नाही, पण त्याला एवढं जरूर सांगा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा मान वर करून, कान तुमच्याकडे वळवून बघते, तेव्हा तिचं चरणं थांबलेलं असतं. "आय कॉन्टॅक्ट" म्हणून आपण जो फोटो मिरवतो, त्यात ती पळावं की थांबावं हे ठरवत असते. लांबून आपसूक तसा क्षण मिळाला तर जरूर घ्या. पण मुद्दाम आवाज करून तो मिळवणं ही माझ्या मते फोटोग्राफी नव्हे, छळ आहे, मग तो कितीही मोठ्या नावाच्या माणसाने केलेला असो.

आता कॅमेऱ्याचं. "सायलेंट शटर" बहुतेक मिररलेस बॉड्यांमध्ये असतं, म्हणून स्वस्तातली कुठलीही उचलू नका. आवाज जातो तो इलेक्ट्रॉनिक शटरमुळे, आणि त्यात सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला सेकंदाचा विसावा-तिसावा भागही लागतो. तेवढ्यात पंख कुठच्या कुठे जातो आणि फोटोत वाकडा होऊन येतो. शटर स्पीड १/४००० ठेवला तरी हे थांबत नाही, कारण वाचण्याचा वेग तोच राहतो. बसलेल्या घुबडाला, पाणी पिणाऱ्या पखुर्डीला साधा सेन्सर चालतो, उडणाऱ्या वेड्या राघूला नाही. त्यासाठी स्टॅक्ड सेन्सर, म्हणजे खूप जलद वाचला जाणारा सेन्सर, लागतो. निकॉनमध्ये झेड९ (२०२१) आणि झेड८ (२०२३) यांना तर मेकॅनिकल शटरच नाही, सेन्सरच इतका जलद वाचला जातो की त्याची गरज उरत नाही. सोनीच्या ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, म्हणजे अख्खी फ्रेम एकदम वाचली जाते. पण तुमची लेन्स निकॉनची आहे, उगाच घर बदलू नका. एफटीझेड अडॅप्टरवर (डीएसएलआरची लेन्स निकॉनच्या मिररलेसला जोडणारा तुकडा) २००-५०० ऑटोफोकससकट व्यवस्थित चालते. डी५०० विकू नका, ताडोबाला तोच न्या. बॅटरीही त्याचीच जास्त टिकते.

डी५०० वरचा क्यू मोड (शटरचा आवाज कमी करणारी सोय) पुरेसा नाही का, असं कुणी विचारेल. नाही. आरसा हलतो म्हटल्यावर आवाज होणारच, तो फक्त थोडा दबतो.

काही गोष्टी राहिल्या. फोकसची बीप आणि एएफ असिस्टचा (अंधारात फोकसला मदत करणारा) दिवा आठवणीने बंद करा, नाहीतर शटर गप्प आणि दिवा डोळ्यात. आवाज नसल्यामुळे फोटो निघाला की नाही कळत नाही, म्हणून व्ह्यूफाइंडरमधली फ्रेमची चौकट लुकलुकण्याची सोय चालू ठेवा. एलईडी दिव्याखाली पट्टे येतात. माळावरच्या धुळीत लेन्स बदलू नका, मिररलेसचा सेन्सर बऱ्याचदा उघडाच असतो. आणि आवाज नाही म्हणून आणखी जवळ सरकायची मुभा मिळाली, असं समजू नका. घरट्यावर तर सायलेंट काय आणि दुसरं काय, जायचंच नाही.

बॉडी पुण्यात-मुंबईत भाड्याने मिळते. आधी एका शनिवार-रविवारी वापरून बघा.

आणि लपणात शेजारी कोण बसणार हे आधी ठरवा, कारण तुमचा कॅमेरा गप्प असून उपयोग नाही, शेजारच्याचा खटखटला की संपलं. मी आता निघण्याआधीच सांगतो: नर पाण्यातून स्वतःहून बाहेर येईपर्यंत डीएसएलआरवाल्याने बटण दाबायचं नाही. ज्याला हे मान्य नाही, त्याने आपली गाडी काढावी आणि दुसरं लपण बघावं. सरांनाही हेच सांगितलंय.