घरून शिपिंगच्या कागदांचं काम: पहिल्या महिन्यात एकच फाईल पाठ करा

तुम्ही विचारलंय की आजवर पतसंस्थेत काम केलं, आता गुहागरजवळच्या गावातून, घरी बसून एका मालवाहतूक कंपनीच्या निर्यात कागदपत्रांचं काम सुरू होतंय, क्षेत्रातलं ओ की ठो कळत नाही, तर पहिल्या महिन्यात काय करावं.

शिपिंगवरचे व्हिडिओ बघत बसू नका. वरिष्ठांकडे काम पुरं झालेल्या एकाच शिपमेंटची अख्खी फाईल मागा, शक्यतो नवी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून गेलेल्या, एकाच ग्राहकाच्या पूर्ण कंटेनरची. तिच्यात बुकिंग (जहाजावर जागा राखल्याचा कागद), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरलेला निर्यातीचा अर्ज), व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या पडताळलेल्या वजनाचा कागद), शिपिंग इन्स्ट्रक्शन म्हणजे एसआय (बिल ऑफ लेडिंगसाठी जहाज कंपनीला द्यायचा तपशील), आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा व अंतिम प्रत एवढं असतं. एक तक्ता करा: वरच्या आडव्या ओळीत कागदांची नावं, डावीकडे उभी माहिती. नगांची संख्या, निव्वळ वजन, एकूण वजन, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्सचा क्रमांक), घेणाऱ्याचं नाव-पत्ता. कुठला आकडा कुठून कुठे जातो ते बाणाने दाखवा. पतसंस्थेत दिवसअखेर रोकड जुळवत होतात ना, हे तेच आहे. या कामातल्या बऱ्याच चुका न जुळलेल्या आकड्यांच्याच असतात.

शब्दांची भीती नको. बिल ऑफ लेडिंग म्हणजे बोटीची बिल्टी; फरक इतकाच, की ‘टू ऑर्डर’ बिल (मागे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येणारं) असेल, तर रीतसर सही होऊन मूळ प्रत ज्याच्या हाती, माल सोडवायचा हक्क त्याचा. म्हणून त्यातली स्पेलिंगची चूकसुद्धा महागात पडते. मसुदा असतानाच दुरुस्ती करून घ्या, अंतिम प्रत निघाली की दुरुस्तीचे पैसे लागतात. एफओबी, सीआयएफ वगैरे इनकोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम कुठवर कोणाची हे ठरवणारी व्यापारी कलमं, 2020 च्या आवृत्तीत एकूण 11 आहेत. सुरुवातीला तुमचे ग्राहक वापरतात ती दोन-तीन पुरे. आंब्याच्या पेट्या वाशीला पाठवताना गाडीभाडं कोणी भरायचं आणि वाटेत माल खराब झाला तर कोणाचा, हे आपल्याकडे आधी ठरतं. इथेही प्रश्न तोच.

दोन ठिकाणी नवा माणूस हमखास अडकतो. पहिलं व्हीजीएम. 1 जुलै 2016 पासून पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. हे वजन माल, पॅकिंग आणि कंटेनर मिळून असतं. पॅकिंग लिस्टवरचं एकूण वजन तसंच उतरवलं, तर कंटेनरचं स्वतःचं वजन राहून जातं. 20 फुटीचं ते साधारण 2,200 ते 2,300 किलो. नेमका आकडा दारावर ‘टेअर’पुढे छापलेला असतो.

दुसरं कंटेनर नंबर: चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीतला सातवा. हा सातवा अंक बाकीच्यांच्या गणितातून येतो. उदाहरणार्थ, सीएसक्यूयू 305438 चा सातवा अंक 3. घाईत 305348 टाइप झालं तर गणित 0 देतं, म्हणजे चूक लगेच कळते. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदाच बसवून ठेवा.

आता वेळ. एसआय, व्हीजीएम आणि गेट (कंटेनर बंदरात आत पोचणं) या तिन्हींची कट-ऑफ, म्हणजे शेवटची मुदत, वेगवेगळी असते. बुकिंग हाती आलं की तिन्ही कॅलेंडरात टाका. कट-ऑफ तुमच्या लाइटसाठी थांबत नाही. मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट बहुधा दुपारनंतरच होतो, म्हणून मुदतीचं काम बाराच्या आत पाठवायची सवय लावा.

इन्व्हर्टरचा हिशोब सोपा आहे: 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 1,800 वॉट-तास, त्यातले निम्मेच धरा. लॅपटॉप 60, राउटर 15, पंखा 75 वॉट, म्हणजे सहाएक तास. पण लाइट बराच वेळ गेलेली असली की गावातल्या टॉवरची आणि फायबरच्या डब्याचीही बॅटरी उतरते, मग घरचा इन्व्हर्टर असून उपयोग नाही. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी फाईल कोणाकडे सोपवायची हे वरिष्ठांशी आत्ताच ठरवा, त्यात संकोच कसला.

फायबर काचेची असते, पण घरापर्यंत येणाऱ्या केबलला बहुधा आधाराची पोलादी तार असते, आणि तिच्यावरून विजेचा झटका घरात येऊ शकतो. विजा सुरू झाल्या की लॅपटॉप आणि राउटर दोन्ही सॉकेटमधून काढा. जांभ्यात अर्थिंग मुळात कच्चंच, उन्हाळ्यात तर आणखी. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

चॅटवर नुसतं ‘सर, एक शंका’ लिहून वाट बघू नका. बुकिंग नंबर, काय दिसतंय आणि तुम्ही काय करणार आहात हे एकाच संदेशात लिहा: ‘इन्व्हॉइसवर 480 पेट्या, पॅकिंग लिस्टवर 478, ग्राहकाला विचारतोय, तोवर एसआय थांबवलाय.’ समोरच्याला फक्त ‘बरोबर’ एवढंच टाइप करावं लागलं पाहिजे.

दुसऱ्या कंपनीचं सिम घ्याच, आणि त्याला रेंज पडवीत येते की माळ्यावर, ते पाऊस सुरू व्हायच्या आधी बघून ठेवा.