पोरगा केबिनमध्ये, मिस्त्री मशीनवर

प्रश्न : ताई, कोल्हापुरात उद्यमनगरला माझं लेथ-मिलिंगचं वर्कशॉप आहे, वय ६३. पोरगा मेकॅनिकल झालाय, पुण्याची नोकरी सोडून आलाय पण दिवसभर लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये, आणि खाली उतरला की जुन्या मिस्त्रींशी खटके. मुलगी सांगलीला दिलीय, ती अकाउंट्सचं काम करते. धंदा, शेड सगळं माझ्या नावावर, प्रोप्रायटरी. पोराच्या नावावर करून मोकळं व्हावं म्हणतोय, चालेल ना?

उत्तर : काका, एवढी घाई नको. मालकाचा पोरगा म्हणून खाली उतरला तर खटके उडणारच, त्यापेक्षा सहा-आठ महिने त्याला मिस्त्रींच्या हाताखालीच घाला, त्यांच्याच टायमाला हजर, डबाही तिथेच, आणि मिस्त्रींना सगळ्यांदेखत सांगा की शॉपवर शब्द तुमचा. ड्रॉइंग त्याला वाचता येतंच, पण टूलची धार गेलीय हे मशीनच्या आवाजावरून ओळखायला कॉलेजात कोण शिकवतं? माल रिजेक्ट झाला की पार्टीला फोन त्यानेच करायचा. मग कोटेशन, मग उधारीची वसुली, बँकेची सही सगळ्यात शेवटी. आणि त्याने दिलेला रेट तुम्ही मागून पार्टीला फोन करून कमी करायचा नाही (हे सगळेच बाप करतात). लॅपटॉपवर काय चाललंय तेही एकदा बसून बघा, जॉबला किती तास जातात ते मांडत असेल तर तुमच्या अंदाजपंचे रेटपेक्षा ते बरं.

आता कागद. प्रोप्रायटरी म्हणजे कायद्याने धंदा आणि तुम्ही एकच. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर वारसाला नवीन जीएसटी नंबर घ्यावा लागतो, खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून वळवावं लागतं, तोवर बिलं अडकतात, बँकेतलं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी उचल घ्यायचं) खातंही थांबतं. म्हणून तुम्ही असतानाच भागीदारी करा, पण बापलेक दोघांचीच नको. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदार गेला की फर्म मोडते, डीडमध्ये (भागीदारीच्या करारात) वेगळं ठरलं असेल तरच चालू राहते, आणि दोघंच असाल तर त्या कलमाचाही उपयोग नाही कारण एकट्याची भागीदारी होतच नाही. तिसरी मुलीला घ्या ना, हिशोब तिला येतोच की!

मृत्युपत्र केलं नाहीत तर शेडमध्ये बायको, मुलगा, मुलगी (आणि तुमची आई असेल तर तीही) सारखे वाटेकरी, हे हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासूनचं आहे. शेड पोराला आणि मुलीला दुसरं काही द्यायचं असेल तर तसं लिहा, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. आणि लिहिण्याआधी दोघांना समोर बसवून सांगा, वकिलाकडून कळायला नको.

मिस्त्रींचंही वय झालं असेल. त्यांच्याकडे आयटीआयचा एक अप्रेंटिस आत्ताच द्या, ४ ते २९ माणसांच्या युनिटला ते ऐच्छिक आहे पण घेता येतो, स्टायपेंडचा काही भाग केंद्राच्या योजनेतून मिळतो.