स्टुडिओ साऊंडप्रूफ झालाच नाही, काँट्रॅक्टर बिल मागतोय आणि मालक म्हणतोय सगळं उखडा

प्रश्न थोडक्यात असा. वाचक व्हॉइसओव्हरचं काम करतात आणि रिकाम्या वेळात बँडवाल्यांना तासावर जागा देतात. दुसऱ्या मजल्यावरचा ऑफिसचा गाळा लिव्ह अँड लायसन्सवर घेतलाय, करार ६० महिन्यांचा, त्यातले १८ झाले. काँट्रॅक्टरने ‘फुल साऊंडप्रूफ रेकॉर्डिंग स्टुडिओ’ असं कोटेशन दिलं, ७५ टक्के पैसे गेले. काम काय झालं तर भिंतींना फोम, एका बाजूला जिप्सम बोर्डाचं पार्टिशन, फॉल्स सीलिंग, रबर पॅडवर प्लायचा उंच फ्लोअर आणि बाहेरची खिडकी विटांनी बंद. ड्रम वाजले की वरच्या मजल्यावरच्या क्लासवाल्यांना धाडधाड ऐकू जातं. त्यांनी मालकाकडे तक्रार केली, मालकाने नोटीस पाठवली की परवानगी न घेता पक्कं बांधकाम केलंत, सगळं काढा, डिपॉझिट जप्त. तिकडून काँट्रॅक्टरचीही नोटीस आली, उरलेले २५ टक्के द्या. शेवटचा प्रश्न त्यांच्याच शब्दात: ‘फोम उखडून त्याच्या दारात नेऊन टाकू का?’

दादा, टाकू नका. राग समजतो मला पण तो फोम म्हणजे तुमचा पुरावा आहे, आज उखडलात तर उद्या काँट्रॅक्टर म्हणणार की मी काम उत्तम करून दिलं होतं, यांनीच तोडलं, आता मोजायचं कशावर. एक स्क्रूसुद्धा हलवू नका अजून.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी नीट वाचलं आणि सगळी भानगड तिथेच आहे. वर ठळक अक्षरात ‘साऊंडप्रूफ’ आणि खाली आकडा दिलाय तो एनआरसीचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. एनआरसी म्हणजे एखादं मटेरियल खोलीतल्या खोलीत किती आवाज शोषून घेतं ते, म्हणजे तुमच्या माईकमध्ये घुमणारा आवाज कमी होतो, रेकॉर्डिंग कोरडं आणि स्वच्छ येतं. याला ट्रीटमेंट म्हणतात. आवाज भिंतीपलीकडे जाऊ न देणं हे वेगळं काम, त्याला वजन लागतं, दोन थरांमध्ये पोकळी लागते, आतलं बाहेरच्याला टेकलेलं चालत नाही आणि दाराखालची फटसुद्धा बंद लागते. त्याचा आकडा एसटीसी. फोम हलका असतो, त्यातून आवाज आरपार जातो, म्हणजे काँट्रॅक्टरने एका कामाचं नाव सांगून दुसऱ्या कामाचा आकडा दाखवला. मुद्दाम केलं की त्यालाच फरक माहीत नव्हता हे मला सांगता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्या केसला त्याने फारसा फरकही पडत नाही.

कारण कायदा विचारतो की तुम्ही त्याला काय सांगितलं होतं आणि कोणाच्या ज्ञानावर विसंबला होतात. सेल ऑफ गुड्स ॲक्ट १९३० चं कलम १६ असं की खरेदीदाराने कशासाठी हवंय ते सांगितलं असेल आणि विकणाऱ्याच्या कौशल्यावर भरवसा ठेवला असेल, आणि तो माल विकणं हा त्याचा धंदाच असेल, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे, ही अट करारात न लिहिताही गृहीत धरतात. तुमचं काम मजुरी आणि माल असं मिक्स आहे, त्यामुळे समोरचा वकील म्हणेल की हे कलम निव्वळ विक्रीला लागतं. म्हणू दे. मालाच्या भागाला ते लावून बघता येतं, आणि शिवाय जो कागद तयार करतो त्याच्याच विरुद्ध संदिग्ध शब्दांचा अर्थ लावायचा हा कोर्टाचा जुना रिवाज आहे, कोटेशन त्याने टाईप केलंय. तुमचा तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज सोन्यासारखा आहे, ‘ड्रम रेकॉर्ड करणार आहे, वर क्लास चालतो, त्यांना त्रास नको’ आणि त्यावर त्याचं उत्तर ‘टेन्शन नको, पिन ड्रॉप सायलेन्स’. एवढं स्पष्ट लिहिलेलं फार कमी लोकांकडे असतं.

ते चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, फॉरमॅट तर अजिबातच नको. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं आणि त्यासोबत जे सर्टिफिकेट द्यावं लागतं त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने. नुसते स्क्रीनशॉट छापून फाईलला लावले की झालं असं समजणारे वकीलसुद्धा बघितलेत मी.

आता मोजमाप. एखादा ॲकॉस्टिक कन्सल्टंट गाठा, मात्र ज्याचा फोम-पॅनेल विकायचा धंदा आहे असा नको. स्टुडिओत ठराविक पातळीचा पिंक नॉईज (चाचणीसाठी वापरतात तो सगळ्या फ्रिक्वेन्सींचा खरखराट) लावायचा आणि वरच्या क्लासमध्ये, जिन्यात, शेजारच्या गाळ्यात किती येतो ते मीटरवर घ्यायचं, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण एसटीसी १२५ ते ४००० हर्ट्झ एवढाच पट्टा बघतो आणि किक ड्रम आणि बेसचा मुख्य जोर त्याच्याखाली असतो. कागदावर भिंत झकास दिसते आणि वर बसलेल्या मास्तरांची खुर्ची हलते. शिवाय पार्टिशनचा एक बोर्ड कन्सल्टंटसमोर उघडून आत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची दाट गादी) आहे की नुसती हवा हे फोटोसकट नोंदवून घ्या, बिलात रॉकवूल लावलंय म्हणून विचारतोय. हे सगळं करायच्या आधी काँट्रॅक्टरला लेखी कळवा, अमुक तारखेला अमुक वाजता संयुक्त पाहणी आहे, हजर राहा. आला तर सही घ्या, नाही आला तर नाही आला असं रिपोर्टमध्ये लिहा. पुढे दावा झालाच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ रूल ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून पाहणी करून घेता येते, पण तोपर्यंत जागा तशीच राहिलेली असायला हवी ना.

पैशाचं म्हणाल तर उरलेले २५ टक्के आत्ता देऊ नका पण ‘एक पैसा देणार नाही, दिलेलेही परत कर’ हे पण लिहू नका. फोमने खोलीतला घुमारा कमी झालाय हे तुम्हीच कबूल केलंय, व्हॉइसओव्हर चांगलं येतंय म्हणालात. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ७० त्याच्याही बाजूने बोलू शकतं, जे काम तुम्ही उपभोगताय त्याची भरपाई तो मागू शकतो. तुमची मागणी कलम ७३ खाली असायला हवी: जे ठरलं होतं ते करून घ्यायला आता दुसऱ्या माणसाला किती लागतील तो फरक, अधिक जी बुकिंग रद्द झाली त्यांचं नुकसान. दुसऱ्याचं कोटेशन आणा, रद्द बुकिंगचे मेसेज काढून ठेवा. त्याच कलमाच्या खुलाशात असंही आहे की नुकसान कमी करायचे जे मार्ग हातात होते तेही बघितले जातील, म्हणजे स्टुडिओ वर्षभर बंद ठेवून वर्षभराचं उत्पन्न मागाल तर मिळणार नाही. व्हॉइसओव्हर चालू ठेवा.

ग्राहक आयोगात जावं का? तुम्ही विचारलंय, आणि उत्तर सरळ हो असं नाहीये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूसाठी घेतलेली सेवा बाहेर आहे. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर सवलत आहे पण २०१९ च्या मजकुरात ती सवलत देणाऱ्या खुलाशात फक्त वस्तू आहेत, १९८६ च्या कायद्यात सेवाही होत्या. हा मुद्दा समोरचा काढणारच. त्यात तुम्ही बँडला तासावर जागा देता, मग तो म्हणणार हा धंदा आहे. तरी मालाचा भाग मोठा आहे आणि स्टुडिओ तुम्ही स्वतः चालवता म्हणून प्रयत्न करण्यासारखा आहे, मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे दाखल करता येतं. मला विचाराल तर मी आधी दिवाणी दाव्याची तयारी ठेवीन. त्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षं, आणि तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद ठरला तर दाव्याआधी मीडिएशन करावंच लागतं, तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर. बहुतेक तुमचं तिथेच मिटेल, रिपोर्ट हातात असला तर.

आता मालक. इथे थोडं सावकाश वाचा कारण तुमचा मित्र वकील म्हणाला ते मला पटलेलं नाही. त्याने इझमेंट्स ॲक्ट १८८२ चं कलम ६० दाखवलं, की लायसन्सवरून तुम्ही कायम स्वरूपाचं काम केलं, खर्च केला, म्हणजे आता मालक लायसन्स रद्दच करू शकत नाही. कलम आहे, खोटं नाही. पण मालकाच्या नोटिशीत काय आहे? ‘परवानगीशिवाय पक्कं, कायमचं बांधकाम केलं.’ तुम्ही कलम ६० घेऊन गेलात की त्याचंच म्हणणं स्वतःच्या तोंडाने कबूल केलंत. एका पानावर ‘हे कायमचं आहे म्हणून मला काढू नका’ आणि दुसऱ्या पानावर ‘हे तात्पुरतं आहे म्हणून करार मोडला नाही’ असं चालत नाही. एक धरा. मी तात्पुरतं धरीन, कारण वस्तुस्थिती तीच आहे. पार्टिशन स्क्रूवर आहे, फ्लोअर रबर पॅडवर नुसता ठेवलाय, सीलिंग लटकवलंय, हे सगळं मूळ भिंतीला धक्का न लावता निघतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ च्या खुलाशात तर लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी ही कामं ‘पक्कं बांधकाम’ धरायची नाहीत असं लिहिलंय, जरूर तिथे महापालिकेची परवानगी घेऊन. ते भाडेकरूसाठी आहे आणि तुम्ही लायसन्सी आहात, त्यामुळे थेट लागत नाही पण कायदा कशाला पक्कं म्हणतो आणि कशाला नाही हे सांगायला उपयोगी आहे.

परवानगीचं म्हणाल तर मालकाचा मेसेज आहे ना, ‘करा, फक्त भिंत तोडू नका’. करारात ‘लेखी संमती’ लिहिलंय आणि आयटी ॲक्ट २००० प्रमाणे कायद्याने मागितलेलं लेखी इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतं, तोच न्याय करारातल्या ‘लेखी’ला लावा असं आपण म्हणायचं. वाद होईल यावर पण तुमची बाजू वाईट नाही.

खिडकी मात्र तुमची चूक आहे. विटा आणि सिमेंट, आणि तीही बाहेरच्या भिंतीत, याला मी तात्पुरतं म्हणू शकत नाही. इमारतीचं बाहेरून दिसणं बदललं, हवा बंद झाली, उद्या महापालिकेची नोटीस आली तर एमआरटीपी ॲक्ट १९६६ म्हणजे नगररचनेच्या कायद्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते आणि ती नोटीस आधी मालकाच्या नावाने येईल. म्हणून मालकाला उत्तर जायच्या आत ती भिंत स्वखर्चाने काढा, आधी फोटो, नंतर फोटो (एक स्क्रू हलवू नका म्हणालो होतो त्याला हा अपवाद, आणि तोही मोजमाप झाल्यावर). त्या जागी स्टुडिओवाले विंडो प्लग करतात तसा करून घ्या, जाड एमडीएफचा डबा, आत रॉकवूल, कडेने रबर, खिडकीत घट्ट बसतो आणि हँडल धरून काढता येतो. मग उत्तरात लिहा की खिडकी पूर्ववत केली आहे, बाकी सगळं काढता येण्यासारखं आहे आणि जागा सोडताना मूळ स्थितीत देईन. हे लिहिल्यावर डिपॉझिट जप्तीची हवा बरीच जाते, कारण कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे करारात जप्ती लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि नुकसानच राहिलं नाही तर कापणार कशाचं?

क्लासवाल्यांशी भांडायला जाऊ नका. ध्वनिप्रदूषण नियम २०००, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री १० नंतर ५५ डेसिबल, तुमचा मीटर कदाचित याच्या आतच दाखवेल. पण हा ए-वेटेड (माणसाच्या कानाच्या हिशेबाने मोजलेला) आकडा बेसला फार कमी वजन देतो, त्यामुळे ‘मी नियमात आहे’ हे खरं असून त्यांचा त्रासही खराच असू शकतो, आणि उपद्रवाचा दिवाणी दावा त्या नियमांवर अवलंबून नसतो. तूर्त ड्रमची बुकिंग क्लासच्या वेळात घेऊ नका आणि हे त्यांना दोन ओळीत लिहून द्या. वरच्या खोलीत मोजायला तुम्हाला त्यांचीच परवानगी लागणार आहे, आणि तुमच्या काँट्रॅक्टरविरुद्ध सगळ्यात चांगले साक्षीदारही तेच आहेत.

एक राहिलं. काँट्रॅक्टरकडून फोमचं आगीचं टेस्ट सर्टिफिकेट लेखी मागा, आजच. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि विषारी धूर करतो, आणि तुमच्या जागेला दार एकच आहे. सर्टिफिकेट नसेल तर नोटिशीला उत्तर देताना तो मुद्दा पहिला घ्या, साऊंडप्रूफच्या आधी, आणि मग मात्र मोजमाप आणि फोटो झाल्या झाल्या तो फोम खरंच उतरवा, कोर्टाची वाट बघत त्या खोलीत रोज आठ तास बसू नका. उतरवलेला माल नीट बांधून ठेवा, यादी करून. दोन्ही नोटिशींच्या तारखा मला कळवा, काँट्रॅक्टरने १५ दिवस दिलेत, ते पाकीट मिळाल्यापासून मोजायचेत, आणि पाकीट फेकलं नसेल अशी आशा करतो.