शिलाजित, ह्युमिक आणि तुझी एम.एस्सी.

तासगाव तालुक्यातून लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू टी.वाय.बी.एस्सी.ला आहेस, विषय रसायनशास्त्र. घरची द्राक्षबाग. छाटणीनंतर पांढरी मुळी चालावी म्हणून बाबा ड्रिपमधून ह्युमिक सोडतात, आणि मामा गुडघ्यांसाठी शिलाजित घेतात. दोन्ही डब्यांवर ‘फल्विक अ‍ॅसिड’ हा शब्द दिसला आणि तू थबकलीस. वेलीच्या मुळाला देतो ते माणसाच्या पोटात कसं? यातून औषधं शोधण्याचं करिअर होईल का, असं विचारलंस. शिवाय एका कंपनीचा आठ दिवसांचा ‘ह्युमिक थेरपी सल्लागार’ कोर्स पंचवीस हजारांना आहे, तो करू का, हेही.

कोर्सचं आधी सांगते, कारण त्यात बाबांचे पैसे अडकतील. करू नकोस. आठ दिवसांच्या कागदावर कुणाला औषध सुचवायचा अधिकार मिळत नाही, आणि कुठलीही प्रयोगशाळा नोकरी देताना तो कागद मागणार नाही.

आता तुझा खरा प्रश्न. झाडपाला आणि जीवजंतू कुजून, पिढ्यानपिढ्या बदलत जाऊन जो काळा-तपकिरी भाग उरतो, त्यातून ह्युमिक आणि फल्विक हे पदार्थ मिळतात. १७८६ मध्ये फ्रान्झ आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दलदलीतल्या पीटवर, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर, अल्कली घालून तो अर्क काढला. आजही रीत तीच आहे. अल्कलीत विरघळतं पण आम्ल घातल्यावर खाली बसतं ते ह्युमिक, दोन्हींत विरघळलेलं राहतं ते फल्विक, आणि कशातच विरघळत नाही ते ह्युमिन. म्हणजे ही नावं रेणूंची नाहीत, विरघळण्याच्या वागणुकीची आहेत. पॅरासिटामॉल म्हटलं की तू फळ्यावर रचना काढशील. ह्युमिक अ‍ॅसिडची तशी एक रचनाच नाही, ते हजारो रेणूंचं मिश्रण आहे. बाबांच्या डब्यातलं बहुधा लिग्नाइटसारख्या कोळशातून आलेलं, मामांचं हिमालयाच्या खडकातून पाझरलेलं. लेबलावरचा शब्द एक, माल वेगळा.

औषधी गुणांची गोष्ट पोकळ मात्र नाही. चरकसंहितेत शिलाजिताला ‘रसायन’, म्हणजे शरीराला बळ देणारं औषध, म्हणून मोठा मान आहे. बनारस हिंदू विद्यापीठात शिबनाथ घोषाल यांनी अनेक वर्षं शिलाजिताची रासायनिक चिरफाड केली आणि त्यातली फल्विक आम्लं व डायबेन्झो-अल्फा-पायरोन्स ही संयुगं पुढे आणली. पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टमध्ये रेनाटे क्लॉकिंग आणि सहकाऱ्यांनी ह्युमिक आम्लं पेशींच्या संवर्धनात नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूला अडवतात असं दाखवलं. युरोपात जनावरांच्या जुलाबावर ती तोंडावाटे देतात. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये इसबावर फल्विक अ‍ॅसिडच्या मलमाची छोटी चाचणी प्रसिद्ध केली, निकाल आशादायक होते. पण ते फल्विक जमिनीतलं नव्हतं, कर्बोदकांपासून तयार केलेलं होतं. नैसर्गिक मालात जड धातू येतात, म्हणून त्यांनी ही वाट धरली. ह्युमिक पदार्थ धातूंना घट्ट धरून ठेवतात. वेलीला लोह-जस्त मिळवून देणारा गुण हाच, आणि शिसं-आर्सेनिक सोबत आणणाराही हाच. शिलाजिताचं त्रिफळ्याच्या काढ्यात शोधन, म्हणजे शुद्धीकरण, करायची परंपरा आहे, तिच्याकडे या नजरेनं बघ.

दुसरी बाजूही वाच. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींचं पाणी पिणाऱ्यांचे पाय काळे पडून सडत. त्या पाण्यात आर्सेनिक होतं आणि ह्युमिक द्रव्यंही भरपूर, आणि काही संशोधकांनी या आजारात ह्युमिकचाही वाटा मानला. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवलं की असल्या द्रव्यांच्या पाण्यात क्लोरीन घातलं की क्लोरोफॉर्म हे घातक द्रव्य तयार होतं. आणि २०१५ मध्ये लेहमन व क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं की हे मोठे ह्युमिक रेणू मातीत नसतातच, अल्कलीनं काढताना आपणच ते घडवतो. वाद अजून मिटलेला नाही. ज्या नावावर तू करिअर उभं करू पाहतेस, त्या नावावरच एकमत नाही हे माहीत असू दे. मला मात्र यात तुझ्यासाठी संधी दिसते.

कारण गाडं नेमकं इथेच अडलंय. आज एका खाणीतला माल गुण देतो, उद्या दुसऱ्या खाणीतला देत नाही. बाटलीत काय आहे ते दरवेळी नक्की सांगता आल्याशिवाय औषध म्हणून मान्यता कशी मिळणार? म्हणून ‘ह्युमिक’मध्ये करिअर करू नकोस, विश्लेषण रसायनशास्त्रात कर. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात हा विषय आहे. एम.एस्सी. प्रवेशाची ‘जॅम’ परीक्षाही दे, आयआयटीचं दार त्यातून उघडतं. एचपीएलसी, एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखायच्या तंत्रांत हात बसू दे, नुसती तोंडओळख नको. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा निघाली तर महिना ३७ हजारांची फेलोशिप मिळते आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी प्रयत्न करता येतो. संशोधनात मन रमलं नाही तरी हात रिकामे राहत नाहीत: आयुर्वेदिक औषधांची गुणवत्ता तपासणी, पाण्याच्या प्रयोगशाळा, शिवाय शेतीतली जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाची वाढ चेतवणारी द्रव्यं. ह्युमिक-फल्विक २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलंय, तिथेही तपासणारी माणसं लागणारच.

मामांना सांग, शिलाजित घेताय हे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि दगडासारखं कच्चं शिलाजित कुणी यात्रेतून आणलं तर घेऊ नका.

आणि या आठवड्यात एक काम कर. बाबांच्या डब्यातलं चिमूटभर ह्युमिक कॉलेजमध्ये ने. सरांच्या देखरेखीखाली पाण्यात विरघळव, गाळ गाळून टाक आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब घाल, पीएच एकच्या आसपास येईपर्यंत. रात्रभर ठेव. सकाळी खाली किती बसलं, वरच्या पाण्याचा रंग कोणता, आणि डब्यावर किती टक्के लिहिलंय, हे तिन्ही मला कळव.