नवी सनद, तालुक्याचं कोर्ट

वकिलीचं ऑफिस थाटलंस, छान. पण जुने बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्यांची मूळ पुस्तकं, रद्दीत घालू नकोस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली खरी, तरी त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते. फसवणुकीचं कलम ३१८ झालं. पक्षकार मात्र 'चारसोबीस'च म्हणणार.

गावात कायदा सांगायला जाशील तेव्हा जमिनीपासून सुरुवात कर, माणसं आपोआप जवळ सरकतात. वडील २००५ आधीच वारले, आता तुझा हक्क नाही, असं ऐकून कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल समजावून सांग: वडील २००५ आधी वारले असले तरी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनच. पण २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटप त्याने उघडत नाही, हेही त्याच दमात सांग. अर्धा कायदा सांगून भावाबहिणींत भांडणं लावणारे आपल्यात कमी नाहीत! आणि पत्रकावर स्वतःचा फोन नंबर नको, वकिलांच्या बार कौन्सिलचा नियम ३६ जाहिरात करू देत नाही.

मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलला साधारण तीन वर्षांची वकिली लागते. तोवर शिबिरांना जा. मानधन तुटपुंजंच असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली माणसं यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे सगळीकडे सांगत सुट.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. अंगठा उठण्याआधी तडजोड मोठ्याने वाचून दाखव, पक्षकारासोबत त्याच्या बायकोलाही.